ताराबाई पार्कातला जुना बंगला: घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा? (कोल्हापूर)

मृगनक्षत्र (धागाकर्ती)

मंडळी, कोल्हापुरात ताराबाई पार्कात एक जुना बंगला विकायला निघालाय. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून तो घ्यावा असं घाटतंय. आमचं माहेर मूळचं राजारामपुरीचं, सध्या दोघंही पुण्यात. माझी निवृत्ती जवळ आलीय, भावाचं काम घरून चालतं.

माहिती अशी. प्लॉट साडेआठ गुंठे, म्हणजे सव्वानऊ हजार चौरस फुटांच्या आसपास. घर १९५८ सालचं. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या जाड भिंती, पुढच्या भागावर स्लॅब आणि मागच्या भागावर मंगलोरी कौलं. मागे एक आऊटहाउस आहे, त्यात जुन्या माळ्याचं कुटुंब राहतं. दोन हापूस, एक जांभूळ, एक फणस आणि एक बुजत आलेला आड. समोरचा रस्ता अरुंद, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं.

मूळ मालक आणि त्यांच्या पत्नी दोघंही हयात नाहीत. मृत्युपत्र नाही असं सांगतात. चार मुलं: थोरला इथेच असतो, एक मुलगी बेळगावला, धाकटा अमेरिकेत, आणि मधली मुलगी काही वर्षांपूर्वी वारली. एजंट म्हणतो, "सगळे तयार आहेत, नुसत्या सह्या राहिल्यात. इसार देऊन टाका, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

भाव इथे लिहीत नाही. एजंट लोकही मराठीच वाचतात.

मला घर आहे तसं राखायचंय. भावाच्या मनात पाडून दोन घरं बांधायची आहेत. तो मुद्दाही आलाच. अनुभवी मंडळींनी सांगा.

---

तांबडापांढरा

ताई, आधी अभिनंदन. साडेआठ गुंठे आता बघायला मिळत न्हाईत. आणि "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" हे वाक्य कोल्हापुरात प्रत्येक प्लॉटबरोबर फुकट मिळतं, तिकडं लक्ष देऊ नका.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून (ऑगस्ट २०२५) ताराबाई पार्क, नागाळा पार्क या बाजूला वकील मंडळी ऑफिसं शोधत फिरत्यात. एजंट लोकांनी त्याच्या जोरावर भाव चढवून ठेवलाय. भाव सांगताना "बेंच" हा शब्द आला की तिथून घासाघीस सुरू करायची.

पाण्याचं विचारलं का? २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी ४३ फूट. सुतारवाड्यात पहिल्यांदा येतं ते सगळ्यांना ठाऊक, पण त्या दोन वर्षांत व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कच्या काही गल्ल्या, सगळीकडं पाणी. "पार्क" म्हटलं की उंचावर असं धरून चालू नका. समोरच्या किराणावाल्याला विचारा, एजंटला न्हाई.

---

शंकेखोर

विरोधी सूर लावतो. साठीच्या उंबरठ्यावर सव्वानऊ हजार फुटांची झाडलोट कोण करणार? जांभळाचा सडा पडतो तेव्हा दोन आठवडे पोर्च जांभळा असतो. कौलं दरवर्षी परतावी लागतात आणि परतणारी माणसं मिळत नाहीत. त्याच पैशात त्याच भागात लिफ्टवाला मोठा फ्लॅट येईल, वर पैसे उरतील. बंगला हा दुरून बघायला छान.

---

जास्वंदी

@शंकेखोर, मी रुईकर कॉलनीत अशाच घरात राहते, म्हणून बोलते. झाडलोटीचं तुमचं बरोबर आहे. पण मे महिन्यात आमच्या माजघरात पंखा एकवर लागतो, त्याची किंमत कोण लावणार? कौलं दरवर्षी सगळी परतत नाहीत, फुटकी तेवढी बदलतात. माणसं मिळत नाहीत हे मात्र खरं. आमचे कौलारू गगनबावड्याकडून येतात आणि वळवाच्या आधी नंबर लावावा लागतो.

ताई, हापूस किती जुने आहेत ते विचारा. पुढे कुठलं झाड आड आलं तर त्यावर बरंच अवलंबून असतं.

---

वकीलीणबाई

झाडं, कौलं नंतर. आधी माणसं मोजू.

मृत्युपत्र नाही आणि मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित, असं गृहीत धरते. मग १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. लोक इथे हमखास २००५ ची दुरुस्ती आणतात. ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसाठी. बापाने स्वतः कमावलेल्या घरात मुलींचा हक्क १९५६ पासूनच आहे. "बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांचं काही नाही" असं थोरल्याने म्हटलं तर चहा प्या आणि उठा.

वारलेल्या मुलीचं काळजीपूर्वक विचारा. ती वडिलांच्या आधी गेली की नंतर? आधी गेली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना. नंतर गेली असेल तर तो वाटा आधी तिच्याकडे आला होता, आणि तिच्यामागे तो मुलांबरोबर तिच्या नवऱ्यालाही जातो. म्हणजे जावईबापूंची सही लागते. ही सही नेमकी राहते. त्यांनी दुसरं लग्न केलेलं असलं की कुटुंब त्यांचं नावच घेत नाही.

प्रॉपर्टी कार्डावर कोणाचं नाव लागलंय याला भुलू नका. ती नोंद सरकारी दप्तरासाठी असते, तिच्याने मालकी ठरत नाही. थोरल्याने एकट्याचं नाव लावून घेतलेलं असलं तरी बाकीच्यांचे वाटे जागच्या जागी असतात.

आणि "तिघांच्या सह्या आत्ता घ्या, चौथ्याची मागून बघू" या वाटेने अजिबात जाऊ नका. एका वारसाने वाटा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे (कलम २२). शिवाय राहत्या घराचा अविभक्त वाटा घेणाऱ्या परक्या माणसाला संयुक्त ताबा मागता येत नाही. पैसे दिलेले असतील आणि दार बंद असेल.

---

मृगनक्षत्र

वकीलीणबाई, पोटात गोळा आला. वारलेल्या ताईंचं मी विचारलंच नव्हतं. आज फोन केला. थोरले म्हणाले, "ती बाबांच्या नंतर गेली, पण तिच्या मुलांनी हक्कसोड दिलंय." कागद मागितला तर साध्या स्टॅंपपेपरवर लिहिलेला, नोटरीचा शिक्का असलेला निघाला. जावयांचं नाव त्यात नाही.

---

वकीलीणबाई

मग तो कागद देव्हाऱ्यात ठेवा. स्थावराचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं, नोटरीचा शिक्का चालत नाही. खरं तर तुम्हाला हक्कसोडाची गरजही नाही. सगळ्या वारसांनी, जावयांसकट, थेट तुमच्या खरेदीखतावर सह्या कराव्यात आणि प्रत्येकाचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जावेत. थोरल्याच्या खात्यात एकरकमी देऊ नका, "मी वाटतो सगळ्यांना" असं ते म्हणतील तरीही.

---

डॉलरकाका

अमेरिकेतल्या धाकट्याच्या जागी मी होतो, आमचं मिरजेचं घर विकताना. दोन गोष्टी.

तो येणार नसेल तर मुखत्यारपत्र करेल. तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून घेतात. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. आमचा कागद कपाटात पडून राहिला होता, मग धावाधाव. आणि मजकूर मोघम नको. मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा, विकण्याचा आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार, हे स्पष्ट लिहिलेलं असावं.

दुसरी गोष्ट टीडीएस. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की निवासी विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का कापून सरकारजमा करायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण विकणारा अनिवासी असेल तर तो १ टक्का लागू नाही. त्याच्या भांडवली नफ्यावरच्या कराच्या दराने कापायचं, आणि न कापल्यास वसुली तुमच्याकडून. कापलेली रक्कम मोठी असते, म्हणून आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला त्याने आधी काढावा. त्याला वेळ लागतो. आजच त्याला कळवा. पासपोर्ट कुठला यापेक्षा त्या आर्थिक वर्षात त्याचं वास्तव्य कुठे, हे बघायचं असतं.

---

सनद_वाचक

मी भूमी अभिलेख खात्यात उभी हयात घालवली. माझं एकच म्हणणं: मोजणीशिवाय भाव बोलायचा नाही.

साडेआठ गुंठे हा आकडा कुठून आला? बहुतेक जुन्या खरेदीखतातून. जागेवर किती आहे ते वेगळं असू शकतं. १९५८ साली कंपाउंड नव्हतं, मेंदीचं कुंपण होतं. मेंदी वाळली, शेजाऱ्याने भिंत घातली, ती सोयीने घातली. पुढे रस्ता डांबरी झाला तेव्हा पुढून दोन-तीन फूट गेले. मागच्या बाजूला ड्रेनेजची लाइन कोणाच्या हद्दीतून गेली ते कोणाला आठवत नाही. मी जुन्या वसाहतींतल्या मोजण्या केल्यात. चारही कोपरे कागदाप्रमाणे सापडलेला प्लॉट क्वचितच.

मोजणीचा अर्ज धारकाने करायचा असतो, खरेदीदाराला करता येत नाही. तेव्हा विकणाऱ्यांना गळ घाला. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत. मोजणी झाली की हद्दी दाखवलेला नकाशा, "क" प्रत, हातात घ्या आणि तोच नकाशा खरेदीखताला जोडा. क्षेत्रफळ त्यावरून लिहा.

मिळकत पत्रिकेवर (म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर) सत्ताप्रकाराचा, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केलीय त्याचा, रकाना असतो, तो भिंगाने वाचा. आपल्याकडे "ब" सत्ताप्रकाराने किती लोकांना नाचवलंय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथे "ब" दिसला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा विषय आहे, आणि तो विकणाऱ्यांनी स्वखर्चाने निस्तरल्याशिवाय इसार नाही.

जुने कागदही मागा. घर १९५८ चं असलं तरी जागा त्याआधी कोणीतरी घेतलेली असणार. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, त्याआधीचे दस्त दरबारी पद्धतीचे आणि पुष्कळदा मोडीत. घाबरू नका, मोडी वाचणारे कोल्हापुरात अजून आहेत. (मीही त्यातलाच, पण हे जाहिरातीसाठी लिहीत नाही.)

---

तांबडापांढरा

काका, जाहिरात झाली. मटण-भाकरीवर वाचून देणार काय?

---

सनद_वाचक

फक्त भाकरीवर. डॉक्टरांनी मटण बंद केलंय.

---

चुनाविटा

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. भावाच्या दोन घरांच्या कल्पनेबद्दल आधी बोलतो, कारण किमतीचं मूळ तिथे आहे.

तुम्ही लिहिलंय रस्ता अरुंद आहे. तो ९ मीटरपेक्षा कमी असेल तर डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणे (यूडीसीपीआर) प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जास्तीचं बांधकाम क्षेत्र) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकाम हक्क) त्या प्लॉटवर चढवता येत नाही. मूळ एफएसआयवर भागवायचं. त्यामुळे बिल्डरला तिथे सात मजले दिसत नाहीत. तुमचा बंगला आजवर का उभा राहिला याचं उत्तर वारसांच्या प्रेमात शोधू नका, ते रस्त्याच्या रुंदीत आहे.

याचा अर्थ असा की एजंट "बिल्डर इतका दर देतोय" म्हणून जो आकडा सांगतो तो रुंद रस्त्यावरच्या प्लॉटचा आहे. महापालिकेतून विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. रस्ता रुंदीकरणाची रेषा प्लॉटमधून गेलेली नाही ना, आरक्षण नाही ना, ते त्यात कळेल. रुंदीकरण असेल तर पुढचा पोर्च आणि कदाचित एक आंबा त्यात जाईल. निळ्या आणि लाल पूररेषेचंही तिथेच विचारा. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मिळत नाही, निळ्या-लालच्या मधे जोतं उंच घ्यायच्या अटीवर मिळतं. घर राखायचं असेल तरी हे बघा, कारण उद्या एक खोली वाढवायला गेलात तर हाच नियम समोर येईल.

आता घर. १९५८ चं म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्याने सोसलाय. भिंतींच्या कोपऱ्यांत, दार-खिडक्यांच्या वरच्या कोनांतून तिरप्या भेगा बुजवलेल्या दिसतात का बघा. रंग नुकताच दिलेला असेल तर जास्त बारकाईने बघा.

जाड भिंती चुन्यातल्या आहेत की सिमेंटमधल्या? किल्लीने सांधा खरवडा. चुना असेल तर पांढुरका भुगा सहज निघेल. आणि अशा भिंतीवर मागच्या वीस-तीस वर्षांत कोणी सिमेंटचं प्लास्टर मारलेलं असेल तर ओल आत अडकलेली असणार. जोत्यापासून तीन-चार फुटांपर्यंत पोपडे, खारट पांढरा थर, हे त्याचं लक्षण. उपाय म्हणजे सिमेंट काढून पुन्हा चुन्याचं प्लास्टर. वॉटरप्रूफिंगचा डबा विकणाऱ्याला दारात उभं करू नका.

स्लॅबचा भाग हा खरा खर्चाचा. त्या काळी सळईवरचं काँक्रीटचं आवरण पातळ ठेवत. सळई गंजून फुगते आणि खालचा पापुद्रा सुटतो. छताला ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका. कौलं आणि स्लॅब जिथे मिळतात तिथली पन्हळ हमखास गळते. जुलैमध्ये एकदा बघून या, बाकी अहवाल मी नंतर लिहीन.

लाकूड सागवानी असेल तर उत्तम, पण चौकटीचे खालचे सहा इंच ठोकून पाहा. वाळवी तिथून चढते. वायरिंग आणि पाण्याच्या जुन्या लोखंडी नळ्या शंभर टक्के बदलायच्या असंच धरून हिशोब करा.

---

मृगनक्षत्र

चुनाविटा, हे वाचून भावाने फोन ठेवला आणि तासाभराने परत केला. दोन घरांचं खूळ अर्धं उतरलंय.

आऊटहाउसबद्दल कोणीच बोललं नाही. ते कुटुंब १९८० पासून राहतंय. माळीबाबा आता नाहीत, त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. थोरले म्हणतात, "ते आमचेच आहेत, सांगितलं की जातील." मला त्यांना घालवायचंही नाही. पण कायद्याने काय?

---

वकीलीणबाई

"सांगितलं की जातील" तर विकणाऱ्यांनी आधी सांगावं, तुम्ही नाही.

मुद्दा एवढाच की ते भाडेकरू आहेत की नोकर म्हणून राहिलेले. भाडं दिल्याच्या पावत्या असतील, कितीही जुन्या, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्यांना आहे आणि मालक बदलला म्हणून ते संपत नाही. नोकरीपोटी खोली दिलेली असेल तर कितीही वर्षं राहिले तरी हक्क तयार होत नाही. २०१२ मध्ये गोव्यातल्या एका घराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठाम सांगितलंय. पण निकाल बाजूने असणं आणि दिवाणी दावा संपणं यात बरंच अंतर आहे.

वीजमीटर कोणाच्या नावावर, रेशनकार्डावर पत्ता कुठला, घरफाळ्याच्या उताऱ्यात "भोगवटादार" म्हणून कोणाचं नाव, हे तीन कागद बघा. घरफाळ्याच्या उताऱ्यात भाडेकरू म्हणून नाव चढलेलं असलं की मालकाचं तोंडी म्हणणं टिकत नाही.

तुम्हाला त्यांना ठेवायचंच असेल तर खरेदीआधी त्यांच्याशी विकणाऱ्यांचा लेखी ताबेपावतीचा (ताबा परत दिल्याचा) व्यवहार होऊ द्या, मग तुमच्याशी नवा, नोंदवलेला करार करा. चांगुलपणा कागदावर आणा, नाहीतर तुमच्या मुलांना तो निस्तरावा लागेल.

---

जास्वंदी

त्या रिक्षावाल्या मुलाशी तुम्ही स्वतः बोला हो ताई. त्या घराची गळती, आडाचं पाणी, शेजाऱ्याची भिंत कधी सरकली, २०२१ ला पाणी गल्लीत कुठवर आलं, हे सगळं त्या कुटुंबाला माहीत असणार. मालकाचा थोरला मुलगा तिथे राहतोय का तरी?

---

मृगनक्षत्र

नाही, तो त्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बोलले मी. पाणी कोपऱ्यापर्यंत आलं होतं, आत नाही. आणि उत्तरेची भिंत शेजाऱ्यांनी "वाडवडिलांच्या वेळी" बांधली तेव्हा माळीबाबांनी हरकत घेतली होती म्हणे, मालकांनी शेजारधर्म म्हणून सोडून दिलं.

---

सनद_वाचक

झालं. उत्तरेची बाजू.

---

शंकेखोर

पैशाचं कोणी बोलेना. बँक एवढ्या जुन्या घराला कर्ज देते का?

---

हिशोबनीस

देते, पण मोजून. ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. आणि ती "किंमत" बँकेच्या मूल्यांककाची. जुन्या घरात तो बांधकामाचं उरलेलं आयुष्य कमी धरतो. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागतात. १९५८ चा नकाशा घरात सापडला नाही तर महापालिकेच्या दप्तरातून नक्कल काढा, तिथेही नसेल तर बँकेला आधीच सांगा. मुद्रांकाचे पैसे कर्जात धरत नाहीत, ते खिशातून.

मुद्रांक शुल्क कोल्हापूर महापालिका हद्दीत ६ टक्के धरा, वर नोंदणी फी, तिला ३० हजारांची मर्यादा आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, पण तुम्ही भावाबरोबर घेताय, त्यामुळे सोडून द्या. दस्ताच्या आधी चालू दर एकदा तपासा.

थोरले "थोडे रोखीत" म्हणतील. म्हणणारच. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे त्यांना गोड शब्दांत सांगा. तुमचाही तोटा: दस्तात किंमत कमी दाखवली आणि ती रेडी रेकनरपेक्षा (सरकारी मूल्यदरापेक्षा) १० टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून तुमच्यावर कर लागतो. मुद्रांक तर रेडी रेकनरवरच बसतो. शिवाय पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत कमी दिसेल.

बहीण-भावाने एकत्र घेताय तर कोणी किती पैसे घातले आणि कोणाचा हिस्सा किती, हे खरेदीखतातच लिहा. आता मनं जुळलेली आहेत तोवर.

---

वकीलीणबाई

हिशोबनीस यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. तुम्ही ज्यांच्याकडून घेताय त्यांची अवस्था बघताच आहात. पंचवीस-तीस वर्षांनी तुमची आणि भावाची मुलं त्याच खुर्च्यांवर बसणार. एकाला विकायचं असेल तर दुसऱ्याला आधी विचारायचं, भाव कसा ठरवायचा, याचा वेगळा करार करा.

---

घरकुल_नको

पाच-सहा वारस, अमेरिकेतला भाऊ, सरकलेली भिंत, आऊटहाउस, "ब" सत्ता आहे की नाही ते माहीत नाही. ताई, घ्यायचंच कशाला?

---

मृगनक्षत्र

खरं सांगू, प्रश्न रास्त आहे. पण मागच्या पडवीतून फणसापर्यंत चालत जाताना जे वाटलं ते फ्लॅटच्या गॅलरीत वाटणार नाही. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही हेही कळतंय. म्हणून तर इथे विचारतेय.

---

चुनाविटा

कारण पुरेसं आहे. फक्त त्या कारणासाठी बिल्डरचा दर द्यायचा नाही.

झाडांचं राहिलं होतं: जास्वंदी म्हणाल्या ते बरोबर. शहरात खासगी आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ५० वर्षांच्या वरचं झाड २०२१ पासून कायद्याने हेरिटेज वृक्ष आहे. ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट येते. हापूस घराएवढेच जुने असतील तर भावाचं दुसरं घर त्यांच्या मधून जाणार नाही. नकाशावर आधी झाडं काढा, मग भिंती.

---

मृगनक्षत्र

अपडेट. सगळ्यांचे आभार, फार उपयोग झाला.

मिळकत पत्रिका काढली. सत्ताप्रकार "ब" नाही, जीव भांड्यात पडला. भाग नकाशात रुंदीकरणाची रेषा आहे, पण समोरच्या बाजूने. आपल्या बाजूचं काही जात नाही.

वारसांसोबत व्हिडिओवर बैठक झाली. बेळगावच्या ताई अगदी स्पष्ट बोलल्या: "माझे पैसे माझ्या खात्यात, दादाच्या नाही." जावयांचं नाव निघाल्यावर पडद्यावर शांतता पसरली. मग अमेरिकेतल्या भावानेच त्यांचा नंबर दिला. ते सही करायला तयार आहेत, त्यांना वाटलं होतं त्यांना कोणी विचारणारच नाही.

इसार दिलेला नाही. वकिलांमार्फत "पुढारी" आणि "सकाळ"मध्ये जाहीर नोटीस दिली. हरकत आली ती एकच, उत्तरेच्या शेजाऱ्यांची. त्यांचं म्हणणं, भिंतीपलीकडची पट्टी त्यांच्या ताब्यात वडिलांपासून आहे आणि तिच्यावर कोणी हक्क सांगू नये. म्हणजे न विचारताच त्यांनी सांगून टाकलं.

थोरल्यांनी मोजणीचा अर्ज केलाय, द्रुतगती. भावाने आता मागच्या बाजूला एक मजली छोटं घर, कौलारू, असं चित्र काढलंय. फणस राखून.

प्रश्न: ती पट्टी शेजाऱ्यांच्या ताब्यात आहे असं मोजणीत निघालं तर सोडून द्यावी की भांडावं?

---

वकीलीणबाई

बारा वर्षांच्या वर उघड ताबा असेल तर ते प्रतिकूल कब्जाचा दावा करू शकतात. पण मालकांनी "शेजारधर्म म्हणून सोडलं" असेल तर ती परवानगी होते, आणि परवानगीच्या ताब्याला प्रतिकूल म्हणत नाहीत. मात्र हे सिद्ध करणारे माळीबाबा आता नाहीत. मी तुमच्या जागी असते तर भांडले नसते. पट्टी वजा करून उरलेल्या क्षेत्राचा भाव दिला असता, आणि पट्टीवरचा वाद विकणाऱ्यांच्या माथी ठेवला असता.

---

तांबडापांढरा

आणि शेजाऱ्याशी पहिल्या दिवशी भांडण करून त्या गल्लीत राहायचं म्हणजे अवघड. गाडी मागं कोण घेणार हा प्रश्न रोज येणार हाय.

---

सनद_वाचक

मोजणीची तारीख लागली की लगतधारकांना नोटिसा जातात. उत्तरेच्या शेजाऱ्यांना ती खरंच पोचली का ते थोरल्यांना बघायला सांगा, पोच घ्या. नाहीतर मोजणीच्या दिवशी घराला कुलूप लावून जातील आणि मागून म्हणतील आम्हाला कळवलंच नव्हतं, मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी. त्या दिवशी तुम्हीही हजर राहा. खुणा दगडाच्या करून घ्या आणि प्रत्येक खुणेचा फोटो काढा. उत्तरेच्या कोपऱ्याचे दोन काढा.